बार मोजायचे दिवस

ज्या विहिरीकडं जायचं नाही म्हणून मी इतकी वर्षं लांबचा वळसा घालून शेतात गेले, तिच्याच काठावर परवा एका परक्या पोरीनं मला नेऊन बसवलं. नेलं म्हणजे काय, वाट मीच दाखवत होते. पण पाय तिचे पुढं, माझे मागं.

झालं असं, की दिवाळीपासून आमच्याकडं भुई गुरगुरायला लागली. आधी आवाज येतो, पोत्यांनी लादलेली गाडी दगडी पुलावरून जावी तसा. मग मांडणीवरची भांडी किणकिणतात. मग कुत्री एकदम गप्प होतात, आणि ते गप्प होणंच फार वाईट. भालकीच्या बाजारात तीच बोलणी, उदगीरच्या गाडीत बसलं तरी तीच. कुणी म्हणतं बोअर पाडून पाडून भुईची चाळण केली, कुणी म्हणतं खाली पाणी शिरायलंय. लोक वर बघून हात जोडतात. मी खाली बघते. माझ्या बापानं मला भुईकडं बघायला शिकवलं, आभाळाकडं नाही.

त्यातच कळबुर्गीहून भुईचे हादरे मोजायचं यंत्र बसवायला ही पोरगी आली. सुजाता तिचं नाव. घरात कानडी बोलणारी, पण मराठी झकास. डोक्याला टोपी, पायात बूट, आणि बोलण्यात मात्र सारखं "अज्जी, अज्जी". यंत्राला पक्का खडक लागतो म्हणे, मातीत बसवलं तर ते खोटं बोलतं. माझा भाचा दिलीप, ज्याच्याकडं मी आता राहते, तिला म्हणाला, "आमच्या आत्याला इचारा. ह्या शिवारातल्या निम्म्या हिरी आमच्या आज्जानं पाडल्याल्या. काळा पाषाण कुठं उघडा हाय ते तिला तोंडपाठ."

तोंडपाठ होतंच. एकच जागा होती.

विहीर तशीच आहे, बघा. पाणी आटलंय, तळाला गाळ, त्यात बाभळीचं एक रोप. पण बांधकामातला एक दगड हललेला नाही. घडीव काळा दगड, थरावर थर, सुरीचं पातं शिरणार नाही असा. सुजातानं पायऱ्या उतरताना हात फिरवला आणि म्हणाली, "अय्यो, कोणी बांधली हो ही?" ओल्या दगडाचा तो वास नाकात गेला होता. तो वास कशासारखा असतो ते मला आजवर सांगता आलेलं नाही. रिकाम्या तांब्यात नाक घालून श्वास घ्यावा, तसं काहीतरी.

अप्पा, म्हणजे माझा बाप, विहिरी पाडायचे. शिमगा झाला की आमचा हंगाम सुरू व्हायचा, तो मिरगापर्यंत. लोकांच्या रानात काही नसायचं तेव्हा आमच्या घरात सगळं असायचं, घण, पहारा, सुतक्या, छिन्न्या, दोरखंडांची वेटोळी. भल्या सकाळी लोहाराकडून पाजळून आणलेल्या छिन्न्यांचा तो जळका वास. यारीचा कुरकुर आवाज, दगड वर येताना एका सुरात, रिकामी पाटी खाली जाताना दुसऱ्या. मला झोपेत पण कळायचं पाटी भरलेली आहे का रिकामी. माय वरच्या बायकांत दगड वाहायची. दुपारची भाकरी घेऊन मी जायची, मागं इमल.

इमल माझी धाकटी बहीण. विमल नाव ठेवलं होतं, पण ते नाव तिला कुणी हाक मारून वापरलंच नाही. मी दहाची असेन, ती सहाची. काळी, काटकुळी, आणि सांगितलेलं एक ऐकणार नाही. हिकडं ये म्हटलं की तिकडं जायची, वर जीभ काढून दाखवायची. दात पडलेल्या फटीतनं ती जीभ साऱ्या गावानं बघितलेली.

अप्पा दगडाशी बोलायचे म्हणजे खरंच बोलायचे. सुतकीनं एक टोला द्यायचे आणि कान लावायचे. खणखणीत वाजला तर पाषाण धड. भद्द वाजला तर आत चीर. "भद्द वाजतोय त्याच्या खाली कधी बसू नका गं," म्हणायचे. एका विहिरीत आधी पांढरी माती, मग मुरूम, मग मांजऱ्या दगड, मग काळा, मग मधेच वीतभर जाडीचा लालभडक गेरू, आणि त्याच्या खाली परत काळा. पोळीला पदर असावेत तसे. त्या गेरूच्या ढेकळानं इमल माझ्या तोंडाला मिशा काढायची. धुतलं तरी दोन दिवस जायच्या नाहीत.

ह्याच विहिरीत, अर्धी उतरली होती तेव्हा, अप्पांनी आम्हा दोघींना दोराच्या पाटीत बसवून खाली घेतलं. काही दाखवायचं होतं. उगवतीच्या बाजूला गेरूचा पट्टा सरळ येत होता, आणि मधेच तुटला होता. पुढचा पट्टा चांगला टीचभर खाली. कापड फाडून कुणी एक तुकडा खाली ओढावा तसा.

"हे बग. हितं भुई मोडलीय."

"कवा?" मी विचारलं.

"आपून कुनीच नव्हतो तवा."

इमलनं दोन्ही पट्ट्यांवर दोन बोटं ठेवली. "मग ते परत कवा जुळनार?"

"मोडल्याला दगड जुळत न्हाई, इमल. निस्ता एकमेकाला टेकून बसतो."

"दमला म्हनून?"

अप्पा हसले. "व्हय, दमला म्हनून."

आता बार कसा उडवायचे ते सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. हल्ली कुणाला ठाऊकही नाही. घणानं फुटत नाही तिथं पहारीनं भोकं पाडायची, त्यात सुरुंगाची दारू ठासायची, वात सोडायची. भर दुपारी बाकीची माणसं वर आली, की एकजण काठीला लाल फडकं बांधून बांधाबांधानं फिरायचा आणि ओरडायचा, "बाऽऽर हाय, बाऽऽर!" तीनदा. वस्तीवर धांदल उडायची. शेरडं आत, कोंबड्या डालग्याखाली, तान्ही पोरं आत, आणि सगळ्यांनी माळवदाखाली. कारण बार उडाला की दगड उडायचे, नारळाएवढे, आणि लांबवर यायचे. ते माळवदावर धप्प धप्प पडायचे आणि आम्ही आत भिंतीला पाठ लावून बसायचो. माती जितकी जाड तितका जीव खात्रीचा. माय दरवर्षी मिरगाआधी चार पाट्या पांढरी माती वर टाकायची, गळू नये म्हणून. भिंती अप्पांनीच रचलेल्या. घडीव दगड लोकांच्या विहिरींत जायचा, आमच्या भिंतींत विहिरीतनं निघालेले गोलसर गोटे आणि चिखल. त्यांच्यावर दरवर्षी चार पाट्या.

आणि मोजायचं. हे सगळ्यात महत्त्वाचं. किती बार भरलेत ते आधी ठाऊक असायचं आणि आत बसून मोजायचे. चार भरले तर चार वाजल्याशिवाय कुणी उंबरा ओलांडायचा नाही. तीनच वाजले तर चौथा आत धुमसतोय असं धरायचं आणि अप्पा हाक देईपर्यंत थांबायचं. गावात असा एकजण होता, तीनवर बाहेर आलेला. त्याचा उजवा हात कोपरापर्यंतच होता. आम्हा पोरींना अंक शाळेत आले नाहीत, असे आले. मी मोठी म्हणून इमलला मोजायला मीच शिकवलं. अंधाऱ्या खोलीत माझ्या तळहातावर ती बोट टेकवायची, एक, दोन, तीन. दारूचा आंबट, डोळ्यांत जाणारा वास दाराच्या फटीतनं यायचा, आणि तिची बोटं गेरूनं माखलेली असायची. पुढं कितीतरी दिवस माझ्या तळहाताच्या रेषांत तो लाल रंग होता. किंवा मला तसं दिसायचं.

सुजाता पायरीवर बसून यंत्राच्या वायरी जोडत होती. मी आपलं विचारलं, "कामून व्हायलंय गं हे?"

ती म्हणाली, "अज्जी, हा सगळा मुलूख वर सरकतोय, उत्तरेकडं. दिसत नाही एवढं हळू. तिकडं तो जाऊन धडकलाय, म्हणून हिमालय उचललाय, अजून उचलतोय. तो रेटा सगळ्या दगडातून परत इथपर्यंत येतो. खाली खोल, जिथं फार गरम आहे, तिथं दगड मोडत नाही, वाकतो."

"दगड वाकतो?"

"वाकतो. घड्या पडतात त्याला, लुगड्याला पडतात तशा. पण लई वेळ लागतो. वर गार दगड असतो, त्याला वाकता येत नाही. तो सोसतो, सोसतो, आणि एखाद्या जुन्या चिरेवर सरकतो."

मी ऐकून घेतलं. हिमालय मी चित्रात बघितलाय, दिनदर्शिकेवर, बर्फाचा. तो तिकडं उंच व्हावा म्हणून इकडं, जिथून तो कुणाला दिसतही नाही, तिथं आमच्या अंगणात... जाऊ द्या. दगडाला कुठं ठाऊक असतं वर कुणाचं घर आहे.

मग तिनं एक कागद काढला. प्रत्येक माणसाला विचारायचे असतात म्हणे ते प्रश्न. "आवाज आला तेव्हा तुम्ही कुठं होतात, काय केलंत? आत्ताचं सांगा नाहीतर आधी कधी झालं असेल तर ते पण सांगा. जुनं कुणी सांगत नाही, अज्जी. जुनंच आम्हाला पाहिजे असतं."

"मी दहाची असताना झालता एकदा," मी म्हटलं.

"आवाज किती वेळा आला?"

"दोनदा."

तिनं लिहिलं, दोन. माझं तोंड बघून ती शहाणी पोर दुसऱ्या प्रश्नाकडं गेली.

त्या दुपारी मी भाकरी देऊन परत येत होते. माय अप्पांसोबत विहिरीवर होती. येताना मी बघून आले होते, तीन भोकं भरली होती. तीन हा आकडा डोक्यात धरूनच मी वाटेला लागले. इमलला त्या दिवशी मी नेलं नव्हतं, उन्हाचं कारण सांगून. खरं म्हणजे ती मागं लागली की वाटेत चिंचेखाली मला बसता यायचं नाही. ती अंगणात डालग्यापाशी होती. कोंबडीनं पिलं काढली होती, अकरा.

मी कुंपणापाशी आले आणि आवाज झाला. लाल फडकं नाही, हाक नाही, पण मला बार दुसरा कुठला ठाऊक? इमल उठून उभी राहिली. "अक्का, कुनी वरडलं न्हाई की!"

"बार हाय! आत पळ!"

आणि ती पळाली. जन्मात पहिल्यांदा तिनं माझं पटकन ऐकलं.

मला घर गाठता येईना म्हणून मी लिंबाच्या बुडाला चिकटले. घर लांब असलं की तसं करायचं असतं. झाड हललं. वारा नसताना हललं. माळवदाच्या कडेची माती झरझर खाली आली आणि थांबली. घर उभं होतं. मग सगळं गप्प. चिमणीसुद्धा नाही.

दारात इमलचं तोंड दिसलं. "अक्का, येऊ का?"

"किती झाले?"

"येकच."

"तीन भरल्यात. मी बगून आलेय. दोन व्हायचेत अजून. जा आत, हालू नकोस!"

तिनं जीभ काढून दाखवली. आणि आत गेली.

दुसरा आवाज मोठा नव्हता. माळवद पडलं असं लोक म्हणतात, मी बघत होते, ते पडलं नाही. बसलं. दमलेलं जनावर पाय दुमडून बसतं तसं, सावकाश. आणि धुरळा उठला, पांढरा. तिसऱ्याची वाट बघत मी झाडाला तशीच धरून उभी होते.

अप्पा पळत आले तेव्हा लाल फडकं त्यांच्या हातातच होतं. वात अजून पेटवली नव्हती. त्या दिवशी एकही बार उडाला नव्हता.

तिला बाहेर काढलं तेव्हा तिच्या पोटाशी एक पिलू होतं, जिवंत. दुसऱ्या आवाजाआधी ती डालग्याजवळ गेली नव्हती, ते पिलू आधीच आत शिरलेलं असणार. पण मायनं ते बघितलं आणि तिच्यापुरतं सगळं ठरलं. पुढं येणाऱ्या जाणाऱ्याला सांगायची, "पिलासाठी आत गेली हो माजी लेक, पिलासाठी." मी शेजारी बसलेली असायची. कधी चूल फुंकत, कधी तांदूळ निवडत. एकदा पण म्हटलं नाही, माय, ती पिलासाठी नाही गेली. ती बाहेर येत होती. मायनं पुन्हा कोंबडी पाळली नाही. जाईपर्यंत नाही. माझं लग्न होऊन मी ठाणाकुशनूरला गेले. तिथं माझ्या परड्यात कोंबड्या होत्या, तर ती माझ्याकडं राहायला यायची नाही.

अप्पांनी काम सोडलं. मग एके दिवशी छिन्न्या घेऊन परत ह्याच विहिरीवर गेले. खाली पाणी लागलं तेव्हा आमच्याकडं रीत होती, पहिल्या उमाळ्याचा तांब्या घरातल्या सगळ्यात धाकट्या लेकीनं प्यायचा. इमलच प्यायची नेहमी, नाक मुरडून, दगडाची चव लागते म्हणायची. आता धाकटी मीच होते आणि थोरलीही मीच. अप्पांनी तांब्या माझ्यापुढं धरला. माझा हात उठेना. त्यांनी ते पाणी परत दगडावर ओतलं. मग वर्षभर ते एकटे विहीर बांधत होते. दगड असा घडवला की बघणारे यायचे. एवढी मेहनत घराच्या भिंतीला का घेतली नाही, असं त्यांना कुणी विचारलं नाही. ते स्वतःला विचारत असतील. दगडावरच्या छिन्नीचा आवाज संध्याकाळपर्यंत वस्तीवर यायचा, आणि मी घरी बसून तो मोजायची. मोजायची सवय गेली नाही माझी.

"अज्जी, हे बघा!" सुजाता खालून ओरडली. "इथं बांधलंच नाही! खिडकीसारखं सोडलंय!"

मी उतरले. गुडघे बोंबलत होते तरी उतरले. एवढ्या बांधीव विहिरीत उगवतीला हातभर जागा अप्पांनी मोकळी सोडली होती, चौकटीत बसवल्यासारखी. आत गेरूचा पट्टा. अर्धा वर, अर्धा टीचभर खाली. पोरगी मोबाइलवर फोटो काढत सुटली, "कसलं सुंदर सरकलंय हो!" म्हणाली. मला राग आला नाही. तिला सुंदर दिसत असेल. मी दोन बोटं ठेवली, एक इकडं, एक तिकडं. गेरू बोटाला लागला. इतक्या वर्षांनी पण लागतो.

हे झालं परवाचं. काल दुपारी गल्लीत बायका शेंगा फोडत बसल्या होत्या, काही घरांत, काही ओट्यावर. आवाज आला. मी ओट्यावर होते. "भाईर!" मी ओरडले. "सगळी भाईर या! काय बी घेऊ नका, भाईर!" माझा आवाज असा निघाला की पोरं, बाया, लंगडा बाबूसुद्धा रस्त्यावर आला. दिवाळीपासून हेच करते मी. मला गल्लीत भाईरबाई म्हणायलेत, म्हणू द्या.

भांडी वाजली, थांबली. मग दिलीपची बायको सविता इकडं तिकडं बघायला लागली, "आत्याबाई कुठायत? आत्याबाई!"

मी घरात होते. कधी गेले ते मला ठाऊक नाही. तोंड बाहेर म्हणत होतं आणि पाय आत आले होते. मागच्या खोलीत, भिंतीजवळ, अंधारात मी एक हात पुढं करून उभी होते, आणि तोंडानं म्हणत होते, ते सवितानं ऐकलं.

"एक झाला, बास. एक झाला तरी ये. ये की गं भाईर."

तिनं मला दंडाला धरून ओढत अंगणात आणलं. "येडं लागलंय का तुमास्नी? लोकांना भाईर काढायलाव आन् सोता आत? कुनाला बोलवायलाव? आत कुनीच न्हाई!"

"इमलला," मी म्हटलं.

"कोन इमल?"

बरोबर आहे. तिला कुठून ठाऊक? दिलीपचा बाप, माझा भाऊ, तोसुद्धा इमल गेल्यानंतर जन्मलेला. माय गेली, अप्पा गेले, त्या घराची जागा नांगरली गेली, आणि हे नाव माझ्याशिवाय कुणाच्या तोंडात उरलंच नव्हतं. ते पण मी तोंडातच ठेवलं होतं.

सविता परत आत जायला निघाली, चुलीवर काहीतरी होतं. मी तिचा पदर धरला. भुई खालून अजून बारीक थरथरत होती, तळव्यांना कळत होतं.

"जळू दे चुलीवरचं," मी म्हटलं. "आत जाऊ नको. बस हितं माज्यापाशी. माजी भईन पिलासाठी न्हवती गेली आत. बस, सांगते."